शंभर वॅट आणि एक ‘का’

सामुदायिक रेडिओ केंद्राने काय बोलावे आणि काय बोलू नये, हे भारत सरकारने नियमात लिहून ठेवले आहे. आकाशवाणीच्या बातम्या वगळता बातम्या आणि चालू घडामोडींना मनाई, राजकीय स्वरूपाच्या कार्यक्रमांनाही मनाई. काही गोष्टी मात्र ‘बातमी’त धरल्या जात नाहीत: हवामान, रस्त्यावरची वाहनकोंडी, परीक्षांचे निकाल, जत्रा-उत्सव, साथीच्या रोगांची सूचना, आपत्तीचा इशारा, वीज-पाण्याच्या पुरवठ्याची माहिती. त्यामुळे ‘उद्या सकाळी नळाला पाणी येणार नाही’ हे वाक्य केंद्राला बेधडक सांगता येते. ‘का येणार नाही’ हे सांगायला गेले की पाय निसरड्यावर पडतो.

खालापूर तालुक्यात हा फरक समोर उभा दिसतो. मोरबे धरण याच तालुक्यात, धावरी नदीवर आहे. त्याचे पाणी जलवाहिनीतून नवी मुंबईला जाते. पावसाळ्यात कर्जत-खालापूरच्या डोंगरांवरून धो-धो पाणी वाहते आणि एप्रिल-मे उजाडला की याच डोंगरांतल्या वाड्यांवर बायका हंडे घेऊन झऱ्याच्या तळाशी वाटीने पाणी भरत बसतात. टँकर कधी येईल ही माहिती झाली. पाणी कुठे जाते, कोणाच्या हिशेबाने जाते आणि वाडीला त्यातले किती मिळते, हे विचारले की ते राजकारण ठरते. सामाजिक न्यायाच्या प्रश्नांवर बोलणारा स्वतंत्र रेडिओ, म्हणजे सरकारचा नाही आणि जाहिरातदार कंपनीचाही नाही असा रेडिओ, भारतात या दोन वाक्यांच्या मधल्या अरुंद पट्ट्यात जगतो. पट्टा अरुंद असला तरी कोरा नाही. त्यावर बरीच माणसे चालून गेली आहेत, आणि त्यांतल्या पहिल्या खेपेचा एक धागा कर्जतच्या रानातूनही गेला आहे.

मनोरे आणि लहरी

१९४२च्या ऑगस्टमध्ये नेते तुरुंगात गेले आणि वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसला. तेव्हा मुंबईत काही तरुणांनी चोरून रेडिओ केंद्र सुरू केले. २२ वर्षांच्या उषा मेहता त्यांतल्या एक. बाबूभाई खाखर, विठ्ठलदास झवेरी, चंद्रकांत झवेरी हे सोबती. शिकागो रेडिओचे नानक मोटवानी यांची यंत्रसामग्रीला मदत आणि पाठीशी राममनोहर लोहिया. ४२.३४ मीटरवरून हिंदुस्थानी आणि इंग्रजीत बोलणारे हे ‘काँग्रेस रेडिओ’ केंद्र आपला पत्ता ‘हिंदुस्थानात कुठेतरी’ एवढाच सांगत असे. चौपाटीजवळच्या एका इमारतीतून सुरुवात झाली, मग पोलिसांच्या शोधगाड्या जवळ आल्या की बिऱ्हाड हलायचे. चिमूर-आष्टीतील अत्याचार, जमशेदपूरचा संप, चितगावची बाँबफेक या गोष्टी सरकारी रेडिओ सांगत नव्हता. या केंद्राने सांगितल्या. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी गिरगावातल्या पारेखवाडीत छापा पडला आणि आवाज थांबला. उषा मेहतांना चार वर्षांची शिक्षा झाली.

याच तीन महिन्यांत कर्जत-मुरबाडच्या डोंगरांत आझाद दस्ता फिरत होता. त्याचे पुढारी भाई कोतवाल, म्हणजे विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, माथेरानमध्ये १९१२ साली नाभिक कुटुंबात जन्मले. ते वकील झाले, माथेरान नगरपालिकेत निवडून गेले आणि सावकारीच्या विळख्यातल्या शेतकऱ्यांसाठी त्यांनी धान्यकोठ्या काढल्या. दस्त्याने निशाणा धरला तो घाटाखालच्या वीजघरांतून मुंबईकडे जाणाऱ्या तारांवर. खोपोलीचे टाटांचे जलविद्युत केंद्र १९१५पासून मुंबईच्या गिरण्यांना वीज पुरवत होते. रातोरात मनोऱ्यांचे पाय कापले जात, मनोरा कोसळे आणि मुंबईत यंत्रे थंड पडत. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर पोलिसांच्या गोळीबारात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील मारले गेले.

या दोन लढ्यांकडे एकत्र पाहिले की एक गंमत लक्षात येते. मुंबईतल्या चोरट्या केंद्राला चालायला वीज लागत होती आणि दस्ता तीच वीज तोडायला निघाला होता. दस्त्याचे काम पुरते फत्ते झाले असते, तर मुंबईतला स्वतंत्र आवाजही त्याच रात्री गप्प झाला असता. बंडखोरांना एकमेकांचे वेळापत्रक ठाऊक नसते.

पुण्याहून आलेला आवाज

स्वातंत्र्यानंतर रेडिओ सरकारकडेच राहिला, पण तो मुका नव्हता. ३ ऑक्टोबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आकाशवाणीवरून आपले वैयक्तिक तत्त्वज्ञान मांडले. स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून नाही, तर बुद्धाकडून घेतली, असे त्यांनी त्या भाषणात सांगितले. न्यायाविषयी इतके स्पष्ट बोलणे सरकारी माध्यमावरून ऐकू आले, कारण वक्त्याचा अधिकार मोठा होता. वाडीवरच्या माणसाला तो माइक मिळणे ही वेगळी गोष्ट.

त्या दिशेने एक मोठा प्रयोग झाला तो महाराष्ट्रातच. १९५६च्या फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये पुणे आकाशवाणीने युनेस्कोच्या मदतीने पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या जिल्ह्यांतल्या १५० गावांत ‘रेडिओ ग्रामीण मंडळे’ चालवली. दहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, अर्ध्या तासाचा कार्यक्रम. मंडळ एकत्र बसून तो ऐके, मग त्यावर चर्चा होई, आणि निमंत्रक शंका लिहून पुण्याला पाठवी. त्यांची उत्तरे पुढच्या कार्यक्रमांतून येत. ऐका, चर्चा करा, कृती करा, असे घोषवाक्य होते. ही कल्पना कॅनडातल्या शेतकरी मंडळांवरून घेतली होती. पाहणीचे काम टाटा समाजविज्ञान संस्थेकडे होते. मंडळे असलेल्या गावांत माहिती स्पष्टपणे वाढल्याचे पॉल न्यूरथ यांच्या अहवालाने दाखवले आणि योजना देशभर नेली गेली. कालांतराने ती विरली. गावकऱ्याचा आवाज तिच्यात होता, पण पत्रातून. बोलत पुणेच होते.

हे म्हणताना आकाशवाणीवर अन्याय होऊ नये. व्यंकटेश माडगूळकरांसारखा लेखक पुणे केंद्राच्या ग्रामीण कार्यक्रमांत दीर्घकाळ होता, आणि त्यामुळे त्या कार्यक्रमांतली बोली पुस्तकी झाली नाही. मुंबई केंद्रावरच्या ‘प्रपंच’मध्ये टेकाडे भाऊजी, मीनावहिनी आणि पंत यांच्या घरगुती गप्पांतून महागाईपासून गटारांपर्यंत सगळे येऊन जाई. प्रश्न हसत विचारला की कोणी फाइल उघडत नाही, ही युक्ती सामुदायिक केंद्रांनी नंतर पुन्हा शोधून काढली.

लहरी कोणाच्या

सरकारची मक्तेदारी १८८५च्या तार कायद्यावर उभी होती, आणि तिला तडा गेला तो क्रिकेटमुळे. १९९३च्या हीरो चषकाच्या प्रक्षेपणावरून बंगालच्या क्रिकेट संघटनेचा आणि सरकारचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी निकाल लागला. मुख्य निकालपत्र न्या. पी. बी. सावंत यांनी लिहिले. हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे; त्यांचे नियमन सार्वजनिक प्राधिकरणाने जनतेच्या हितासाठी करावे; सरकारने त्यांवर आपली मक्तेदारी सांगू नये, असा त्याचा आशय. सामन्याच्या हक्कांवरून निघालेला हा निकाल गावोगावच्या कार्यकर्त्यांनी आपला मानला.

तरी हाती काही आले नाही. खासगी कंपन्यांना शहरांतल्या लहरी लिलावाने मिळाल्या. गावांना वाट पाहावी लागली. डिसेंबर २००२मध्ये फक्त शिक्षणसंस्थांना परवानगी मिळाली. तोवर लोकांनी पळवाटा काढल्या. कर्नाटकात बुदिकोटे गावात ‘नम्म ध्वनी’ने हवेचा नाद सोडून केबलच्या तारेतून कार्यक्रम घरोघर पोचवले, कारण तारेला परवाना लागत नव्हता. तेव्हाच्या मेदक जिल्ह्यातल्या माचनूरला डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या दलित बायका कॅसेटवर कार्यक्रम ध्वनिमुद्रित करून संघमच्या, म्हणजे गावातल्या बायकांच्या गटांच्या, बैठकांत वाजवत राहिल्या. नोव्हेंबर २००६मध्ये धोरण बदलले, स्वयंसेवी संस्था आणि कृषी विज्ञान केंद्रेही पात्र ठरली. १५ ऑक्टोबर २००८ रोजी माचनूरचे ‘संघम रेडिओ’ हवेत गेले. केंद्र चालवणाऱ्या दोघींचे नाव एकच, नरसम्मा. संपूर्ण कार्यक्रम तेलंगणी बोलीत. बियाणे कोणते, भरडधान्य किती पिकले, रेशनवर तांदूळच का, असे विषय.

बाहेरच्या जगात याहून मोकळी उदाहरणे आहेत. बोलिव्हियात खाणकामगारांनी आपल्या मजुरीतून वर्गणी काढून संघटनांची रेडिओ केंद्रे उभी केली आणि लष्कराने ती वेळोवेळी फोडली. अमेरिकेत बर्कलीचे केपीएफए केंद्र १९४९पासून श्रोत्यांच्या वर्गणीवर चालत आले आहे, जाहिरातीविना. शेजारच्या नेपाळात रेडिओ सगरमाथा हे स्वतंत्र केंद्र १९९७पासून चालू आहे. १ फेब्रुवारी २००५ रोजी राजे ज्ञानेंद्र यांनी सत्ता हाती घेऊन एफएमवर बातम्यांना बंदी घातली, तेव्हा काही केंद्रांनी बातम्या गाऊन सादर केल्या. गाण्यावर बंदी नव्हती. मराठी माणसाला ही युक्ती परकी वाटू नये. वगातला सोंगाड्या राजाला तोंडावर जे विचारतो ते फिर्यादीत लिहून दिले असते तर तो बाहेर फिरला नसता.

म्हसवड आणि ‘का’ विचारण्याच्या रीती

महाराष्ट्रात या चाकोरीतले ठळक उदाहरण साताऱ्याच्या माण तालुक्यातले. चेतना सिन्हा यांनी उभ्या केलेल्या माणदेशी संस्थेचे ‘माणदेशी तरंग वाहिनी’ हे केंद्र २००८ सालापासून म्हसवडहून ९०.४ मेगाहर्ट्झवर चालते. बायकांची सहकारी बँक आधी झाली, रेडिओ नंतर. याच संस्थेने २०१२-१३च्या दुष्काळात म्हसवडला जनावरांची छावणी चालवली. अशा संस्थेच्या केंद्राला दुष्काळ हा विषय बाहेरून आणावा लागत नाही. तो दारात उभा असतो. सांगलीच्या जत तालुक्यात जालिहाळहून ‘येरळावाणी’ चालते. बारामतीला कृषी विज्ञान केंद्राची ‘शारदा कृषी वाहिनी’ शेतीवर भर देते. विद्यापीठांची केंद्रे, पुण्याची ‘विद्यावाणी’ किंवा मुंबई विद्यापीठाचे केंद्र, ही विद्यार्थ्यांची तालीम म्हणून उपयोगी आहेत, पण त्यांच्या श्रोत्याला गाव नसते.

काम कसे चालते ते पाहिले तर त्यात यंत्रापेक्षा चालण्याचाच वाटा मोठा असतो. खोलीत गोधड्या किंवा फोम लावून आवाज घुमू न देण्याची सोय, एक मिक्सर, एक संगणक, शंभर वॅटचा प्रक्षेपक आणि छपराजवळ उभा मनोरा. बाकी सगळे बाहेर. मोबाइलवर किंवा छोट्या रेकॉर्डरवर आवाज घ्यायचा, फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर तो कापायचा. कापाकापीत कौशल्य असते ते खोकला आणि ‘म्हंजे बघा’ ठेवायचे की काढायचे यात. नवखा सगळे काढून टाकतो आणि माणूस सरकारी वाटू लागतो. एकूण कार्यक्रमांतला निम्मा भाग तरी स्थानिक असावा, शक्यतो स्थानिक बोलीत असावा, असे नियमच सांगतात. प्रसारित झालेले सर्व तीन महिने जपून ठेवावे लागते, कारण तक्रार आली तर पुरावा हवा.

‘का’ या शब्दाचे काय करायचे, याच्या रीती प्रत्येक केंद्राने आपापल्या बसवल्या आहेत. पहिली रीत कायद्याची. वनहक्क कायदा २००६ सालचा. दावा कसा भरायचा, ग्रामसभेची वनहक्क समिती काय करते, पुरावा म्हणून काय चालते, हे सांगणे म्हणजे माहिती. ते ऐकून शंभर दावे दाखल झाले तर ते रेडिओने केले असे कोणी म्हणू शकत नाही. दुसरी रीत अनुभवाची. अधिकाऱ्यावर टीका करायची नाही. एका बाईने जातीचा दाखला काढायला किती फेऱ्या मारल्या, प्रत्येक फेरीचे एसटीचे भाडे किती, आणि त्या दिवशीची मजुरी किती बुडाली, एवढेच तिच्या तोंडून ऐकवायचे. ऐकणारा बेरीज करतो. तिसरी रीत प्रश्नाचा पत्ता बदलण्याची: तहसीलदार किंवा ग्रामसेवकालाच स्टुडिओत बोलवायचे आणि फोनवरून लोकांनी विचारायचे. उत्तर अधिकारी देतो, म्हणून ती माहिती ठरते. सर्वांत मजबूत रीत अर्थातच गाण्याची. जात्यावरच्या ओवीत सासऱ्यापासून सरकारपर्यंत कोणाचीही झाडाझडती घेता येते.

या रीतींची किंमत मात्र लपवण्यात अर्थ नाही. आडून विचारत राहिले की केंद्राला आडून विचारण्याचीच सवय लागते. खासगी एफएमवरच्या बातमीबंदीला कॉमन कॉज संस्थेने २०१३मध्ये सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. ज्या देशात कोणीही वर्तमानपत्र काढू शकतो, दूरचित्रवाणीवर चोवीस तास बातम्या चालतात, तिथे दहा किलोमीटर ऐकू जाणाऱ्या केंद्राला ग्रामपंचायतीच्या निवडणुकीविषयी बोलता येऊ नये, याचे पटेल असे कारण आजवर सरकारने दिलेले नाही.

डोंगराआड

कर्जत स्थानक मुंबईपासून शंभर किलोमीटरवर. पुण्याकडे जाणाऱ्या गाड्या इथे थांबतात, मागे घाटासाठी जादा इंजिने जोडली जातात आणि तेवढ्यात वडापाव खिडकीतून आत येतात. पुढे एक फाटा पळसदरी, केळवली, डोळवली, लौजीवरून खोपोलीला जातो. प्रवाशाला हा सगळा एकच पट्टा वाटतो. रेडिओच्या लहरीला तसे वाटत नाही.

एफएमची लहर सरळ रेषेत जाते. शंभर वॅटच्या केंद्राचा आवाज सपाटीवर दहा-बारा किलोमीटर पोचतो. मध्ये डोंगर आला की त्याची सावली पडते. कर्जतमध्ये मनोरा उभारला तर उल्हास नदीच्या खोऱ्याने आवाज नेरळच्या दिशेने बराच जाईल. पण खालापूर तालुका पाताळगंगेच्या खोऱ्यात आहे. मध्ये माथेरानचे पठार आणि त्याच्या सोंडा, पलीकडे प्रबळगड, इर्शाळगड. चौक गावाच्या बाजूच्या वाड्यांवर कर्जतचा आवाज खरखरेल किंवा पोचणारही नाही. म्हणजे या दोन तालुक्यांचे दुःख सारखे असले तरी मनोरे दोन लागतील. मुंबई आकाशवाणीची ५५८ किलोहर्ट्झवरची अस्मिता वाहिनी मध्यम लहरींवर असल्याने जमिनीलगत वळत डोंगराआडही पोचते. पण ती मुंबईहून बोलते.

भाषेचेही तसेच. आगरी, कुणबी, ठाकर, कातकरी, चार बोली. लग्नात धवले गाणारी धवलारीण आगऱ्यांत, कांबड नाच ठाकरांत, आणि कातकरी बोली तर बाजारात येताच गप्प होते, कारण ती ऐकून लोक हसतात. कातकरी हा महाराष्ट्रातल्या विशेष असुरक्षित आदिवासी गटांपैकी एक. ज्या बोलीला चावडीवर लाज वाटते ती रेडिओवर ऐकू येणे, हाच तिथे निम्मा न्याय. पण कातकऱ्यांपर्यंत पोचायचे तर वेळापत्रक वेगळे लागते. दिवाळीच्या सुमारास भाताची झोडणी उरकून कितीतरी कुटुंबे उचल घेऊन वीटभट्ट्यांवर आणि कोळसाभट्ट्यांवर निघालेली असतात. परतणे पावसाच्या तोंडावर. श्रोता आठ महिने गावात नसेल तर दहा किलोमीटरचा मनोरा त्याच्या काय कामाचा? म्हणून अशा भागात कार्यक्रम मोबाइलच्या मेमरी कार्डावर भरून देणे आणि फोन करून ऐकण्याची सोय ठेवणे, हे मनोऱ्याइतकेच गरजेचे ठरते. छत्तीसगडात २०१०पासून ‘सीजीनेट स्वर’ने साध्या फोनवरून बोलण्या-ऐकण्याची वाट दाखवली आहे.

विषयांची वाण नाही. उचल फिटली की नाही याचा हिशेब कोण ठेवतो. रायगडात जंगलात नाचणी-वरीसाठी मिळालेल्या दळी जमिनी, ज्यांचा प्रश्न उल्का महाजन यांच्या सर्वहारा जनआंदोलनाने लावून धरला. फार्महाउससाठी विकल्या गेलेल्या जमिनींतून बंद झालेल्या पायवाटा. आदिवासी ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा महाराष्ट्रात १३ जिल्ह्यांतल्या अनुसूचित क्षेत्रांना लागू आहे, रायगड त्यात नाही. कर्जतच्या ठाकरवाडीतल्या ग्रामसभेला पालघरच्या गावाइतके अधिकार का नाहीत, हा एक अख्खा कार्यक्रम होऊ शकतो.

आणि इर्शाळवाडी. १९ जुलै २०२३च्या रात्री इर्शाळगडाच्या पायथ्याची ही ठाकरांची वाडी दरडीखाली गेली. गाडीरस्ता नव्हता, मदत करणाऱ्यांना पावसात, अंधारात पायवाटेने चढून जावे लागले. २७ मृतदेह मिळाले, ५७ जण बेपत्ता राहिले, २३ जुलैला शोध थांबवण्यात आला. ही वाडी दरडप्रवण ठिकाणांच्या यादीत नव्हती. रायगडाने २००५मध्ये जुई आणि दासगावच्या दरडी पाहिल्या होत्या, २०२१मध्ये तळीयेची पाहिली होती. आपत्तीचा इशारा देणे सामुदायिक रेडिओच्या मोकळ्या विषयांत मोडते. रेडिओने ही दरड थांबवली असती असे म्हणणे खोटे ठरेल. पण वाडीच्या वरच्या अंगाला जमिनीला भेग दिसली, झऱ्याचे पाणी गढूळ झाले, हे कोणीतरी रोज संध्याकाळी विचारणारे असणे आणि ते दहा वाड्यांना ऐकू जाणे, याला मोल आहे. यादीत नाव का नव्हते, हा प्रश्न मात्र पुन्हा पहिल्या परिच्छेदातल्या नळाच्या पाण्याजवळ आणून सोडतो.

खर्च आणि अर्ज

केंद्र बंद पडते ते बहुधा बंदीने नाही, वीजबिलाने आणि पगाराने. सामुदायिक केंद्राला परवाना शुल्क नाही, पण लहरी वापरण्याचे वार्षिक शुल्क आहे. २०१२मध्ये ते १९,७०० रुपयांवरून एकदम ९१,००० केले गेले. केंद्रांनी ओरड केली आणि वाढ मागे घ्यावी लागली. जाहिरातींची मर्यादा तासाला सात मिनिटे होती, २०२४च्या मार्गदर्शक तत्त्वांनी ती बारा केली. बहुतेक जाहिराती सरकारीच असतात, आणि ज्याच्या जाहिरातीवर पगार निघतो त्याला ‘का’ विचारताना आवाज खाली येतो. या बाबतीत बोलिव्हियाच्या खाणकामगारांची वर्गणी जास्त शहाणपणाची होती. कर्जत-खालापुरात बचत गट आहेत, सहकारी सोसायट्या आहेत. घरटी महिना दहा रुपये हा हिशेब अशक्य नाही.

व्यक्तीला, राजकीय पक्षाला किंवा नफ्यासाठीच्या कंपनीला हा परवाना मिळत नाही. संस्था नोंदणीकृत हवी आणि तिला किमान तीन वर्षे झालेली हवीत. मनोरा ज्या लोकांसाठी आहे त्यांच्याच भूभागात उभारावा लागतो. अर्ज माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या ब्रॉडकास्ट सेवा या संकेतस्थळावर करायचा असतो.